फळीसमोरचा माणूस

सुकटवालीनं पिशवीचं तोंड उघडं धरायला सांगितलं, त्याच वेळी तुळशीदासच्या खिशात मोबाइल थरथरला. एका हातात पिशवी धरून त्यानं दुसऱ्या हातानं मोबाइल काढला, पडद्यावर नजर टाकली आणि पिशवी सोडून दिली. सगळी सुकट मोखाड्याच्या बाजारातल्या धुळीत सांडली. "आरं बाबा, लक्ष कठं हाय? मोबाइलात बायको बसलीय का तुझी?" सुकटवाली म्हणाली, आणि शेजारची मिरचीवाली तोंडाला पदर लावून हसली. तुळशीदासही हसला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी कुठं हसायचं ते माणसाला आपोआप कळतं. मग तो उकिडवा बसला आणि धुळीतली सुकट वेचून पिशवीत टाकू लागला. मोबाइल त्यानं मांडीवर ठेवला होता, उलटा.

फोटो काळापांढरा होता. एका टॉकीजचं उघडं दार, तिकिटाच्या खिडकीची अर्धी जाळी आणि दारासमोर दाटीनं उभी असलेली माणसं, बहुतेक डोंगरातली, गुडघ्यापर्यंत धोतरं नेसलेली. नावाचा बोर्ड फोटोत आलाच नव्हता. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर एक मोठी फळी आणि फळीवर ओळीनं टांगलेले कोयते. फळीशी स्टुलावर एक टकल्या माणूस बसलेला. आणि त्याच्यासमोर, गर्दीपासून हातभर अलग, विजार घातलेला एक तिशीचा माणूस. चेहरा अर्धा वळलेला. डावा हात खाली सोडलेला, उजवा हात पाठीमागून नेऊन त्यानं डाव्या हाताचं कोपर धरलं होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, स्थळ अज्ञात, ठाणे-नाशिक परिसर, साल माहीत नाही, जाणकारांनी ओळखावं. फोटो मोठा करून बघायला दोन्ही हात लागतात, म्हणून पिशवी सुटली होती, एवढंच. माणसाला धक्का बसला की तो भिंतीला धरतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, असं तुळशीदासनं टॉकीजच्या पडद्यावर अकरा वर्षं पाहिलं होतं. त्याला तसं काही झालं नाही. त्यानं सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला, मग दुसरा टाकला. फळीसमोरचा माणूस बुध्या होता, त्याचा थोरला भाऊ. हे त्याला कळलं होतं, पण ते कळणं कुठंतरी लांब होतं, दुसऱ्याच कुणाला तरी कळल्यासारखं.

जव्हारला जाणारी जीप भरेपर्यंत अर्धा तास गेला. तो खिडकीशी बसला आणि ग्रुप उघडला. 'जुनी टॉकीज, ओळखा पाहू' असं त्या ग्रुपचं नाव होतं. भिवंडीला गोदामात कामाला असलेल्या त्याच्या मुलानं, विनोदनं, त्याला त्यात घातलं होतं. बाबा, तुमच्या जमान्यातलं आहे, वेळ जाईल, असं म्हणाला होता. वेळ गेलाही. अनोळखी शहरांतल्या पडक्या टॉकीज, त्यांचे जिने, त्यांच्या कमानी लोक तिथं टाकायचे आणि ओळखायचे, आणि तुळशीदास जेवणानंतर ते बघत बसायचा. स्वतः कधी काही लिहायचा नाही. आता फोटोखाली तीस-चाळीस जण भांडत होते. एक म्हणत होता इगतपुरी. एक म्हणत होता वाडा, खिडकीची जाळी तशीच आहे. नाशिकचे एक निवृत्त इंजिनियर होते, त्यांचं म्हणणं असं की टॉकीजला लागून लोहाराचं दुकान आहे, कोयते विकायला टांगलेत, तेव्हा टॉकीजशेजारी लोहार कुठल्या गावात होता ते शोधा म्हणजे झालं. त्यांना लगेच सात अंगठे आले. मग कुणाला तरी आपल्या तालुक्याच्या गावी टॉकीजशेजारी लोहार असल्याचं आठवलं. असं चाललं होतं. तुळशीदासला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी त्या फळीवर कोयते टांगले ती माणसं असल्या ग्रुपात नव्हती, मग लोहार म्हणाले काय आणि कासार म्हणाले काय.

डोंगरातला माणूस घराबाहेर पडला की त्याच्या कमरेला मागच्या बाजूनं आकडी असते आणि आकडीत कोयता. सरपणाला तोच, कुंपणाला तोच, वाटेतल्या करवंदीच्या काट्याला तोच. पण कोयता कमरेला ठेवून खुर्चीत बसता येत नाही. बसलं तर खुर्चीचं रेक्झिन फाटतं. जव्हारला शिवकमल टॉकीज सुरू झाली त्या वर्षी शेठनं रेक्झिन दोनदा बदललं, आणि तिसऱ्यांदा बदलायच्या ऐवजी दारात फळी ठोकली. फळीवर खिळे, खिळ्याखाली पांढऱ्या रंगात आकडे. कोयता द्यायचा, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, खेळ सुटला की बिल्ला देऊन कोयता न्यायचा. दुसऱ्या कुठल्या टॉकीजला असली फळी नव्हती, असायचं कारणही नव्हतं. या फळीवर तुळशीदास विसाव्या वर्षी लागला. चेहरे तो बघायचाच नाही, मुठी बघायचा. ही सागाची मूठ दाभोसाची, ही तारेनं बांधलेली न्याहाळ्याची. कोयता पुढे आला की कुठला पाडा ते त्याला कळायचं, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते तो बिल्ला देता देता ऐकायचा. आत अंधार पडला की तोही दाराच्या फटीतून बघायचा. विड्यांच्या धुरातून जाणारा उजेडाचा झोत, जमिनीवर बसलेल्यांची डोकी, घामाचा, मातीचा, भाजलेल्या शेंगांचा वास. मोखाड्याची शेवटची एसटी आल्याशिवाय संध्याकाळचा खेळ सुरू व्हायचा नाही. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की चार महिने कुणाला एक शब्द ऐकू यायचा नाही, तरी माणसं भिजत यायची आणि नुसतं बघून जायची. रिळांचे डबे नाशिकहून एसटीच्या टपावर यायचे. एकदा सातवा डबा सहाव्याच्या आधी लावला तेव्हा मेलेला नायक उठून बसला आणि गाणं म्हणू लागला. कुणी तक्रार केली नाही. हे त्याला जीपमध्ये आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं.

बुध्या पाच वर्षांनी मोठा. गावी, पोशेऱ्याला, दीड एकर वरकस, नागली आणि थोडा भात. दिवाळीनंतर घरात एकाला तरी मजुरीसाठी खाली उतरावंच लागे. तुळशीदासला टॉकीज मिळाली म्हणून बुध्या उतरे. तो वसईकडच्या खाडीत रेतीच्या बोटीवर जायचा. बांबू धरून तळाशी जायचं, घमेलं भरायचं, वर यायचं. एका फाल्गुनात तो खाली गेला आणि वर आला नाही. बरोबरची माणसं चार दिवसांनी पोशेऱ्याला आली आणि त्यांनी हात जोडून तसं सांगितलं. मढं सापडलं नव्हतं. खाडी ओढून नेते, म्हणाले. घरात बुध्याची बायको जिजा, लग्नाला पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाप सुकऱ्या तेव्हा होता. त्यानं भगताला विचारून पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि तुळशीदासनं त्याला अग्नी दिला. नारळ फुटला तेव्हा बायका रडल्या. जिजा रडली नाही. ती म्हणाली, पानांना काय रडायचं.

मग घरातली, भावकीतली माणसं बोलू लागली. जिजाला माहेरी कुणी नव्हतं. धाकटा दीर बिनलग्नाचा आहे, पाट लावून द्यावा, घरची बाई घरात राहील. असं होतच होतं, त्यात नवं काही नव्हतं. सगळं ठरल्यावर जिजानं तुळशीदासला विहिरीवर गाठलं होतं. तेव्हा ती त्याला तुळशा म्हणायची, अजूनही म्हणते. "तुळशा, तुझ्या फळीवर सगळा डोंगर येतो," ती म्हणाली. "रेतीवरची, भट्टीवरची, सगळी येतात. दोन दिवाळ्या इचार. येणाऱ्या दर माणसाला इचार, बुध्या कोणी बघितला का. कोणी बघितला नाय बोलला तर मी व्हय म्हनेन. पण तू खरा इचार." त्यानं खरं विचारलं. दोन वर्षं, कोयता घेताना एकदा आणि देताना एकदा. माणसं कंटाळली. काही जण लांबूनच मान हलवत यायची, नाय बघितला, नाय बघितला. दोन दिवाळ्या झाल्या तशी जिजा एवढंच म्हणाली, "तू बोलतोस म्हनजे नसंलच." आणि माघात पाट लागला.

अकरा वर्षांत तुळशीदासनं तीन दिवस सुट्टी घेतली ती तेव्हा. ताप असला तरी तो फळीवर येऊन बसायचा, कारण दुसऱ्याला कोयते ओळखू येत नसत. त्या तीन दिवसांत फळीवर गेटकीपर ढवळू बसला, टकल्या ढवळू, आणि एरवी तुळशीदासशिवाय तिथं दुसरा कधीच कुणी बसला नाही. म्हणजे फोटो त्या तीन दिवसांतला आहे. नाशिकच्या इंजिनियराला जन्मात सापडलं नसतं ते साल तुळशीदासला स्वतः फोटोत नसल्यामुळे सापडलं होतं. चौथ्या दिवशी तो नवा सदरा घालून, हळदीची नखं घेऊन कामावर आला तेव्हा ढवळू फार खुशीत होता. मुंबईचा एक फोटोवाला आला होता, त्यानं ढवळूचा फोटो काढला होता. ते सगळं सांगून झाल्यावर ढवळू म्हणाला होता, "आनि तुझा कोनी आलता रे. कोयता नव्हता त्याच्याकडं. तुळशा कठं म्हनून इचारला. मी म्हनलं लगीन हाय त्याचं, भावजयीशी पाट लावलाय, पोशेऱ्याला हाय. तो जरा उभा राहिला. मग बरं झालं म्हनला आनि गेला. आत पन नाय गेला. तिकीट काढलं व्हतं त्यानं."

कोण, कसा दिसत होता, किती वाजता, कुठल्या गाडीनं गेला. दोन वर्षं प्रत्येकाला विचारणाऱ्या तुळशीदासनं ढवळूला यातलं एकही विचारलं नाही. "असंल कोनी पोशेऱ्याचा," असं तो म्हणाला आणि बिल्ले मोजून हुकाला लावले. त्या क्षणी त्याला काय माहीत होतं? हा प्रश्न त्यानं स्वतःला चौतीस वर्षांत विचारलाच नव्हता असं नाही, पण दरवेळी तो प्रश्नाच्या दाराशी जाऊन परत फिरायचा. ढवळू पुढं दोन वर्षांनी वारला, तेव्हा तुळशीदासला हलकं वाटलं होतं, आणि हलकं का वाटलं हेही त्यानं बघितलं नव्हतं. बरं झालं, असं बुध्या म्हणाला होता. ते कसं म्हणाला असेल? तो बोटीवरून का गेला, कुठं राहिला, दोन वर्षं निरोप का दिला नाही, आणि आला तर सरळ पोशेऱ्याला न जाता आधी फळीवर का आला? आधी धाकट्या भावाला विचारावं, घरचं काय आहे, मग वर जावं, असं त्याच्या मनात असेल. जव्हारहून पोशेऱ्याची गाडी त्याला तासाभरात मिळाली असती. ती त्यानं घेतली नाही. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही, आणि कुणी विचारलंही नाही, कारण विचारणारा फळीवरचा माणूस आता विचारायचा थांबला होता.

घरी आल्यावर जिजानं सुकट भाजली आणि पहिल्याच घासाला तिच्या दाताखाली खडा आला. "मातीची आनलीस का रे तुळशा? बाजार बाई बघून करतोस का माल बघून?" ती म्हणाली. तुळशीदास म्हणाला, पिशवी सुटली हातातनं. टॉकीज बंद पडल्यावर तो एका आश्रमशाळेत शिपाई झाला, तिथंच रिटायर झाला, आणि एसटी डेपोच्या मागं दोन खोल्या बांधून ती दोघं जव्हारलाच राहिली. जिजाचे गुडघे गेलेत, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. तो तिच्याकडं बघत जेवला. त्याला वाटलं, आता काहीतरी वाटेल. दया, पस्तावा, निदान माया. काही वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला राहत नाही, मुंग्या यायच्या आधीचा, तसं सगळं अंग होतं. फक्त एक भीती होती, आणि ती अगदी स्पष्ट होती. जिजाला कळेल. आपला पाट लागत होता तेव्हा आपला नवरा जिता होता, खाली जव्हारात उभा होता, हे तिला कळेल. ढवळूला तुळशानं खरं विचारलं नाही, हे कळेल. ती भांडणार नाही. ती एवढंच म्हणेल, तू बोललास म्हणून. आणि मग उरलेली वर्षं ती याच दोन खोल्यांत त्याला भाकरी वाढत राहील.

दोन दिवस त्यानं काही केलं नाही. ग्रुपवर नाशिककडचं पारडं जड होत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काका, रोशनी बोलतेय, कॉलेजातली. मोखाड्याच्या मुकेश गुरुजींची मुलगी." तो ओळखून होता. शिवकमलमध्ये काम केलेला जिता माणूस आता तो एकटाच उरला होता, आणि तिनं मागं एकदा त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं होतं, रिळांचं, एसटीचं. फळीचं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. तेव्हा का सांगितलं नाही ते त्याला आत्ता कळत होतं. "काका, तो फोटो पाहिलात ना? मला आतून वाटतंय की आपल्या शिवकमलचा आहे. शनिवारी वाचनालयात प्रदर्शन आहे. शिवकमलचा एकसुद्धा फोटो नाही हो माझ्याकडं, एकसुद्धा. नाशिकवाले त्यांच्या पुस्तकात त्यांच्या गावाच्या नावानं छापणार आहेत. तुम्ही नुसतं हो म्हटलं तरी पुरे."

"मोबाइलवर नीट दिसत नाही," तुळशीदास म्हणाला.

"मी मोठी प्रत काढून आणते. दुपारी येते."

त्यानं जेवायच्या आधी एक फेरी मारली. शिवकमल होती तिथं आता खाली मोबाइल दुरुस्तीची आणि कपड्यांची दुकानं आहेत, वर लग्नाचा हॉल. फळी होती त्या जागी एक मशीन ठेवलंय, नाणं टाकलं की थंड पाणी येतं. शेठनं टॉकीज विकली तेव्हा पडदा फाडून गहू वाळवायला नेला होता, खुर्च्या एका शाळेनं घेतल्या. गावानं एक दिवसही हळहळ केली नाही. तुळशीदास तिथं उभा राहिला आणि त्यानं मनात ठरवलं की रोशनीला सांगायचं, हे आपलं नाही. कोयते बघितलेस ना, लोहार आहे तो, आपल्याकडं टॉकीजजवळ लोहार नव्हता. खोटं बोलायला सोपं होतं, नाशिकच्या इंजिनियरानं ते तयार करूनच ठेवलं होतं. शिवकमल जगात कुठंच उरणार नव्हती. आयुष्याची अकरा वर्षं तिथं गेली, जे काही थोडं शहाणपण आलं ते त्या दारातच आलं. ती जागा आपण स्वतः पुसतोय, हे त्याला कळत होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. बदल्यात जिजा राहत होती. त्याला एवढंच वाटलं की पाण्याच्या मशीनपुढं उभं राहिल्यावर लोक आपल्याला रांगेत समजतायत, बाजूला व्हावं.

रोशनी तीनच्या सुमाराला आली. जिजा उंबऱ्याशी सूप घेऊन वरी पाखडत होती. तुळशीदास बाजेवर बसला होता, चष्मा पुसत, वाक्य तयार ठेवून. रोशनीनं मोठ्या पाकिटातून फोटो काढला, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, आणि तो त्याच्या हातात द्यायच्या आधी जिजानं मान वर केली. "काय गो पोरी ते? बघू." रोशनीनं फोटो तिच्यासमोर धरला. तुळशीदास म्हणाला, "हे आपलं नाय, रोशनी. लोहार आहे तो—"

"कसला लोहार?" जिजा म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "ही फळी हाय! आरं, शिवकमल हाय ही. कोयत्यांची फळी. तू डोळं तपास तुळशा, अकरा वर्सं बसलास तिच्यापाशी." तिनं पदरानं हात पुसले आणि फोटो मांडीवर घेतला. "ही बघ पोरी, हितं कोयता द्यायचा, हितं बिल्ला. माझा बाप पन देयाचा. आनि हा ढवळू, टकल्या. मेला बिचारा."

रोशनी बाजेच्या टोकाला टेकली आणि पिशवीतून वही काढू लागली. घाईत तिच्या हातून पेन दोनदा पडलं. आनंदानं माणसाची अशी धांदल उडते, हे तुळशीदासनं पडद्याबाहेर पहिल्यांदा पाहिलं. जिजाचं बोट ढवळूवरून पुढं सरकलं. ते बोट कुठं चाललंय हे त्याला दिसत होतं. त्याच्या कानात काहीतरी गच्च भरल्यासारखं झालं आणि बाहेरच्या एसटीचा आवाज बंद झाला. पाच वर्षं ती त्या माणसाबरोबर एका घोंगडीत निजली होती. बुध्याचा एकही फोटो कधी कुणी काढला नव्हता. बोट त्या चेहऱ्यावर थांबलं. तिनं फोटो चांगल्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तुळशीदासनं उठायचा प्रयत्न केला नाही. म्हण, त्याला वाटलं, म्हणून टाक एकदाचं. तेवढा एक क्षण त्याला खरोखरच हवं होतं की तिनं ओळखावं.

"आगं माझे बाय," जिजा म्हणाली आणि मोठ्यानं हसली. "हा तूच की रं! हे बघ, मागं कोपर धरून उभा. असाच उभा ऱ्हातो अजून, दारात, रेशनात, कठंपन. बघ पोरी, हा आमचा. किती बारीक व्हता!"

त्यानं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. त्यात काही लपवलेलं नव्हतं. चौतीस वर्षं तो ते तोंड बघत होता, लपवताना ते कसं दिसतं ते त्याला माहीत होतं. ती खरंच खूश होती. सुकऱ्याच्या दोन्ही पोरांना बापाकडून आलेली ती सवय होती, आणि तिच्या डोळ्यांपुढं त्या सवयीचा एकच माणूस उरला होता. बुध्याचा चेहरा तिच्याकडं नव्हता. कुणाकडंच नव्हता आता, त्याच्याशिवाय.

"काका?" रोशनीनं विचारलं. "तुम्हीच ना? पण मग फळीवर ढवळूकाका कसे?"

उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. तेच त्याला पुढं कायम आठवणार होतं, की फार वेळ लागला नाही. "सुट्टी होती माझी," तो म्हणाला. "सिनेमा बघायला गेलो होतो."

"सुट्टीच्या दिवशी पन टॉकीजला!" जिजा म्हणाली. "ह्याला दुसरा देव नव्हता."

"साल सांगता येईल?"

"शहाऐंशी," तुळशीदास म्हणाला. त्या साली बुध्या घरी होता, नांगराला होता, आणि जिजा त्याची होती. रोशनीनं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. शिवकमल टॉकीज, जव्हार, एकोणीसशे शहाऐंशी. कोयत्यांच्या फळीसमोर उभे असलेले, टॉकीजचे जुने कर्मचारी तुळशीदास सुकऱ्या झुगरे, राहणार पोशेरा. "नाव बरोबर आहे ना, काका?" तो बरोबर म्हणाला. बापाचं नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. बायको, दीड एकर आणि घर त्यानं भावाचं घेतलं होतंच, ते तरी भाऊ मेला म्हणून. फोटोतली ही जागा तो भाऊ जिता उभा असताना घेत होता. छातीत काहीतरी हललं, अगदी थोडं, आणि त्याला वाटलं की हे आता वर येईल आणि आपण या पोरीसमोर ओरडू. ते वर आलं नाही. जिथं होतं तिथंच परत बसलं.

रोशनी पाच-सहा वेळा थँक्यू म्हणाली, मोबाइलवर ग्रुपला लिहूनही टाकलं, आणि तिच्या हातातला मोबाइल टुकटुक वाजू लागला. नाशिकच्या इंजिनियरांनी नमस्कार पाठवला होता. ती फोटो पाकिटात घालू लागली तशी जिजानं तिचा हात धरला. "ह्यातला एक मना दे पोरी. ह्याचा तरनेपनीचा एकपन फोटो नाय घरात. इनोदला दाखवीन, त्याच्या पोरांना दाखवीन." रोशनी म्हणाली, हाच ठेवा आजी, मी दुसरा काढते. जिजानं भिंतीकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. "त्या समोरच्या भितीला लावू. दारातनं आल्यावर पयला दिसंल." तुळशीदासनं फोटो तिच्या हातातून घेतला, भिंतीवर धरला आणि उंची विचारली. थोडा वर, ती म्हणाली, थोडा उजवीकडं. हां, तिथं. ती भिंतीला टेकून खाली बसली, पुन्हा सूप मांडीवर ओढलं आणि त्याच्याकडं बघून हसली.

"हार मात्र नाय हां घालायचा त्याला," ती म्हणाली. "जितं मानूस हाय."